साहेबांच्या नावावरची तीन कामं

भज्यांची बशी समोर आली की साहेब ती एकदा गोल फिरवत आणि थांबल्यावर जे भजं आपल्या बाजूला येईल तेच उचलत. ते करपलेलं असलं तरी. एकदा मी म्हणालो, "साहेब, ते शेजारचं चांगलं फुगलंय." मी लाच देऊ केल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"निवड केली की पक्षपात आला," ते म्हणाले. "आज भजी निवडाल, उद्या माणसं निवडाल."

धुळ्यात आमची पंप विकणारी आणि दुरुस्त करणारी कंपनी होती. आमची म्हणजे शेठजींची. साहेब हे दुरुस्ती खात्याचे मॅनेजर, मी तक्रारी टिपून घेणारा कारकून, आणि हाताखाली चार मेकॅनिक. साहेब जळगावच्या मुख्य ऑफिसातून आमच्याकडे आले होते. तिथे त्यांनी दिवाळीची मिठाई चिठ्ठ्या टाकून वाटली आणि रिकामा खोका थोरल्या शेठजींच्या वाट्याला आला, म्हणून त्यांची बदली झाली, अशी दंतकथा त्यांच्या आधी धुळ्याला येऊन पोचली होती. मी एकदा धीर करून त्यांनाच विचारलं.

"दंतकथा कसली?" साहेब म्हणाले. "फक्त खोका रिकामा नव्हता. त्यात चिवडा होता."

उन्हाळा असो की हिवाळा, साहेबांच्या अंगावर सफारी असे आणि तिची इस्त्री संध्याकाळी घरी जाताना सकाळइतकीच ताजी असे. पंपाच्या धंद्यात इतकी वर्षं काढून अंगावर ग्रीसचा ठिपका न पडू देणं ही एक कलाच म्हणायची. त्यांनी कधी हातात पाना धरला नव्हता आणि त्यांना त्याचं दुःखही नव्हतं. "मी काम करत नाही, मी काम वाटतो," असं ते सांगत. "काम करणारे पुष्कळ आहेत. न्यायाने वाटणारा नाही."

हे मात्र खरं होतं. ते येण्याआधी आमच्याकडे काम वाटायची पद्धत अशी होती की ज्याचा आवाज मोठा, त्याचा पंप आधी. ज्याचा मामा शेठजींच्या ओळखीचा, त्याचा त्याच्याही आधी. आणि मेकॅनिकांपैकी जो सकाळी शेठजींच्या नजरेला पडेल, त्याला सगळ्यात लांबचं गाव. त्यामुळे सकाळी मेकॅनिक शेठजींच्या नजरेला पडत नसत. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात हे बंद केलं. पेढ्याच्या डब्यात तक्रारींच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि मेकॅनिकांनी डोळे मिटून काढायच्या, असं ठरलं. डोळे मिटण्याबद्दल भांडणं झाली, तेव्हा त्यांनी रुमाल आणला. रोज सकाळी चार दणकट पुरुष डोळ्यांना रुमाल बांधून पेढ्याच्या डब्यात हात घालताहेत, हे दृश्य बघायला समोरच्या टायरच्या दुकानातली माणसं चहा घेऊन उभी राहत.

मग नव्वदीच्या सुरुवातीला ऑफिसात कॉम्प्युटर आला.

तो आला म्हणजे त्याच्यासाठी एका खोलीला रंग दिला, त्याला एसी बसवला आणि दारात पायपुसणं आलं. खुद्द शेठजींच्या केबिनमध्ये पंखा होता. नारळ फुटला, कुंकू लागलं आणि ते कळफलकाच्या फटीत गेल्यामुळे एक बटण पहिल्याच दिवशी अडकलं. बाकी सगळ्यांसाठी ती टंकलेखन यंत्राची थोरली बहीण होती. साहेबांसाठी मात्र तो अवतार होता. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांकडे बघत ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "याला मामा नाही."

पुढे हेच वाक्य त्यांनी वाढवून सुभाषित केलं. "वशिला म्हणजे माणसाला सुटणारा घाम आहे. मशीनला घाम येत नाही." एसी कशासाठी लावला आहे, असं मी विचारणार होतो. विचारलं नाही.

नदीपलीकडे देवपूरला पिठाच्या गिरणीच्या वर कॉम्प्युटरचा क्लास चालवणारे एक गृहस्थ होते. त्यांना साहेबांनी गाठलं आणि तक्रारी आपोआप वाटणारा प्रोग्राम लिहून घेतला. पांझरेच्या पुलावरून साहेबांच्या स्कूटरने त्या काळात इतक्या खेपा केल्या की ती स्कूटर पुढे नुसती ढकलली तरी देवपूरकडे वळायची, असं मेकॅनिक म्हणत.

प्रोग्रामची कल्पना सोपी होती. प्रत्येक तक्रारीला गुण द्यायचे. उभं पीक असेल तर इतके, गुरं असतील तर इतके, प्यायचं पाणी बंद असेल तर त्याहून जास्त. केळीला सगळ्यात जास्त, कारण ती तहान सोसत नाही. घरात लग्न असेल तर वरून आणखी. गुणांप्रमाणे तक्रारींचा क्रम लागायचा आणि ज्या मेकॅनिकच्या नावावर सगळ्यात कमी कामं शिल्लक असतील त्याला ती तक्रार जायची. बरोबरी झाली तर ज्याची नोकरी जास्त त्याला. "ज्येष्ठाचा मान राहिला पाहिजे," असं साहेबांनी मुद्दाम घालून घेतलं. मी नुसतं टाइप करायचं. मशीन क्षणभर विचार करी, मग प्रिंटर करकर करत चिठ्ठी ओकी. चिठ्ठी म्हणजे शेवटचा शब्द.

गुणांचं कोष्टक साहेबांनी पारदर्शकतेसाठी दारावर लावलं. ही त्यांची चूक. पंधरवड्यात धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्ह्यांत केळीशिवाय दुसरं पीक उरलं नाही. जिथे माळावर कुसळंसुद्धा मन लावून उगवत नाहीत, तिथूनही केळीच्या बागा वाळत चालल्याचे फोन येऊ लागले. आणि घरोघर लग्नं निघाली. पितृपक्षात एका दिवसात इतकी लग्नं नोंदवली गेली की मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा साहेबांसमोर ठेवला.

"पितृपक्षात लग्न?" साहेब म्हणाले.

"माणसं खोटं बोलताहेत, साहेब."

"माणसं बोलणारच. मशीनला पंचांग माहीत नाही, हा आपला दोष आहे."

ते पंचांग घेऊन देवपूरला गेले. पुढच्या महिन्यापासून लग्न नोंदवलं की मशीन तारीख विचारी आणि मुहूर्त नसला तर गुण शून्य. भारतात मुहूर्त बघून पंप दुरुस्त करणारी ती बहुधा एकमेव कंपनी असावी.

मेकॅनिकांमध्ये हिरामण नावाचा एक गडी होता. काळासावळा, सडसडीत, कामाला वीज. साहेबांच्या न्यायाचा पहिला बळी तोच. तो चार कामं दुपारपर्यंत उरकून यायचा, नावावरची शिल्लक शून्य व्हायची आणि मशीन पुढची चार त्यालाच द्यायचं. बाकीचे तिघे एकेक पंप देवपूजेसारखा निवांत करत बसायचे. महिनाभराने हिरामण साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, लवकर काम करनं गुन्हा शे का?"

"नाही. का?"

"मग शिक्षा मालेच काबरं?"

साहेब म्हणाले, मशीन कोणाचा चेहरा बघत नाही. हिरामणने ते ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तोही मशीनला चेहरा दाखवेनासा झाला. कामं तो दुपारपर्यंतच संपवायचा, पण गिऱ्हाइकाची सही झालेल्या चिठ्ठ्या खिशात ठेवून एस.टी. स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसायचा आणि रोज एखादीच जमा करायचा. थोड्याच दिवसांत चौघांच्याही नावावर सारखी शिल्लक दिसू लागली. साहेबांनी तो कागद माझ्यासमोर धरला. त्यांचे डोळे पाणावले होते.

"बघा," ते म्हणाले. "समता."

हे सगळं असंच चाललं असतं. पण शेठजींच्या मळ्यातला पंप बंद पडला.

मळा म्हणजे गावाबाहेर थोडी हिरवळ, दोन झोपाळे आणि एक कारंजं. शेठजींनी मला बोलावून सांगितलं, मी टाइप केलं, आणि मशीनने त्यांना चौदावा नंबर दिला. हिरवळीला गुण नव्हते. कारंज्याचा तर कोष्टकात उल्लेखच नव्हता. शेठजी स्वतः कॉम्प्युटरच्या खोलीत आले. चप्पल बाहेर काढून आले, हे नमूद केलं पाहिजे.

"कंपनी माझी, मशीन माझं, पंपही माझाच. आणि मी चौदावा?"

"दहा वाजता तुम्ही बारावे होतात," साहेब म्हणाले. "मग दोन गुरंवाले आले."

"एवढी एक चिठ्ठी हाताने लिहा."

"शेठजी, ज्या दिवशी मी मशीनचा एक निर्णय हाताने बदलीन, त्या दिवशी ही खुर्ची सोडीन."

हे ते मोठ्याने म्हणाले. खोलीत मी होतो, दोन मेकॅनिक होते आणि दारात चहावाला होता, म्हणजे संध्याकाळपर्यंत अर्ध्या धुळ्याला कळणार होतं. शेठजी रागावतील असं मला वाटलं. पण शेठजी धंद्यात मुरलेले होते आणि जेवणाआधी रागवायचं नाही हे त्यांचं पथ्य होतं. ते गोड हसले.

"बरोबर बोललात. मशीन सगळ्या स्टाफला सारखं ना?"

"सगळ्या."

"आणि साहेब, तुम्ही स्टाफच ना? की मालक?"

साहेबांनी पडद्यावरच्या यादीकडे पाहिलं. त्यांच्यासारख्या माणसाला असा प्रश्न टाळता येत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माझं नाव यादीत घाला."

मी घातलं. शेठजी चप्पल घालून गेले.

त्या दिवशी दुपारनंतर टेलिफोनची केबल तुटली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही फोन मुका होता. नवी तक्रार एकच आली, तीही भडगावच्या एस.टी.च्या कंडक्टरबरोबर आलेल्या निरोपातून. भडगावजवळच्या एका खेड्यातल्या आबांची केळीची बाग, मोटर फिरते पण पाणी चढत नाही, बाग खरोखर वाळते आहे. कंडक्टरने बाग डोळ्यांनी पाहिली होती, त्यामुळे केळीबद्दल शंका नव्हती. मी टाइप केलं. मशीनने यादी चाळली. चौघांच्या नावावर चार चार कामं होती आणि एका माणसाच्या नावावर काहीच नव्हतं.

प्रिंटरने चिठ्ठी ओकली. साहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली, घडी करून सफारीच्या खिशात ठेवली आणि भिंतीवरची पान्यांची पिशवी काढली. ती किती जड असते हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं असावं.

"साहेब," मी म्हणालो, "नानाला बरोबर न्या." नाना म्हणजे सगळ्यात जुना मेकॅनिक.

"मशीनने नाना दिलेला नाही," साहेब म्हणाले आणि एस.टी. स्टँडकडे चालू लागले.

पुढचं मला नंतर त्या आबांकडूनच कळलं. बांधावरून येणारी सफारी बघून आबांना आधी वाटलं, बँकेचा माणूस वसुलीला आला, आणि ते गोठ्यात जाऊन बसले. पान्यांची पिशवी दिसली तेव्हा बाहेर आले.

"तुम्ही मेकॅनिक शेतस?" त्यांनी विचारलं. "पॅन्टनी इस्तरी बी मोडेल नही शे."

साहेबांनी विहिरीभोवती एक फेरी मारली. आबा म्हणाले, पंपाने पाणी धरावं म्हणून शेणकाला ओतून पाहिला, उपयोग नाही, फुटबॉल बघा. विहिरीत सोडलेल्या पाइपच्या तळाशी जी झडप असते तिला सगळा खानदेश फुटबॉल म्हणतो. साहेबांनी हा शब्द हजारो तक्रारींत वाचला होता. वस्तू पाहिली नव्हती. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं, मग केळीकडे पाहिलं. पानं कडेने जळून खाली मान टाकून उभी होती. साहेबांनी पिशवी न उघडताच उचलली आणि विचारलं, "इथे फोन कुठे आहे?"

आमचा फोन दुपारी सुरू झाला आणि पहिलाच साहेबांचा आला.

"हॅलो, तक्रार विभाग?"

"साहेब, मीच बोलतोय."

"तक्रार लिहून घ्या. पंप बंद, केळी, अत्यंत निकड. आलेल्या मेकॅनिकला काम येत नाही. दुसरा पाठवा."

"साहेब, आलेला मेकॅनिक म्हणजे..."

"हो. निरुपयोगी माणूस आहे. लिहा."

मी लिहिलं. मशीनने विचार केला. चौघांकडे चार चार, साहेबांकडे एक.

"कोण आलं?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हीच, साहेब."

फोनमध्ये एसटीडीच्या मीटरची टिकटिक ऐकू येत होती.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे बरोबर आहे. नवी तक्रार लिहा. आलेल्या दुसऱ्या मेकॅनिकलाही काम येत नाही."

मी दुसरी लिहिली. तीही साहेबांनाच गेली. एवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आबांनी त्यांच्या हातातून फोन घेतला.

"ओ भाऊ! आठेना बूथवरथीन बोली ऱ्हायनू. तुमना हाऊ मेकॅनिक सोताच सोतानी तक्रार करी ऱ्हायना. याले ऊन लागनं का?"

"नाही, आबा. ते आमचे साहेब आहेत."

"साहेब शे?" आबा म्हणाले, आणि जरा थांबून, "तरीच."

मी मान वर केली तर शेठजी दारात उभे. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"काय अडचण आहे?" ते मऊ आवाजात म्हणाले. "माणसाची बाग जळतेय. लिहा हाताने एक चिठ्ठी आणि पाठवा नानाला. साहेब कुठे इथे बघायला आहेत?"

नाना तिथेच विडी चोळत बसला होता. माझ्यासाठी ते एका चिठ्ठीचं काम होतं. ती चिठ्ठी लिहिली असती तर पंप चालू झाला असता, केळी वाचली असती आणि साहेबांची खुर्ची गेली असती. साहेबांनी ती स्वतःच सोडली असती, शेठजींना एक शब्द बोलावा लागला नसता. शेठजींना हे माझ्याआधी कळलं होतं.

मी मनात हिशेब केला. साहेबांच्या नावावर आता तीन झाली. चौथी त्यांनाच जाणार. मग बरोबरी होणार आणि जळगावची वर्षं धरून त्यांची नोकरी नानापेक्षाही जास्त, म्हणून ज्येष्ठाचा मान राखून पाचवीही त्यांनाच जाणार. सहावी कुठे नानाला जाणार, आणि नाना देवपूजेच्या चालीने भडगावला पोचेपर्यंत अंधार पडणार. मी साहेबांना म्हणालो, "फोन ठेवू नका," रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि चहाच्या टपरीकडे पळालो.

हिरामण पाय पसरून बशीतला चहा फुंकत होता.

"हिरामण, खिशातल्या चिठ्ठ्या काढ."

"कोनत्या चिठ्ठ्या?"

मी सांगितलं. त्याने बशी खाली ठेवली. चिठ्ठ्या जमा करणं म्हणजे इतक्या दिवसांची युक्ती शेठजींसमोर उघडी करणं, आणि उद्यापासून पुन्हा अख्ख्या खात्याचं ओझं डोक्यावर घेणं.

"साहेब खरंच गया भडगावले? एस.टी.ना?"

"एस.टी.ने. पिशवी घेऊन."

"सफारीवर?"

"सफारीवर."

हिरामण उठला. "येडा मानूस," तो म्हणाला. ऑफिसात आला, शेठजींच्या देखत खिशातून चारही सही झालेल्या चिठ्ठ्या काढून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि भिंतीकडे बघत उभा राहिला. मी चार वेळा ‘पूर्ण’ टाइप केलं. मग रिसीव्हर उचलला.

"साहेब, आहात?"

"आहे. मीटरही आहे. तिसरी तक्रार लिहा. आलेल्या तिसऱ्या मेकॅनिकलाही..."

"लिहिली, साहेब."

प्रिंटर करकरला. मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. हिरामण. साहेब एवढंच म्हणाले, "बघा, मशीन चुकत नाही." तोवर हिरामणने मोटारसायकलला लाथ मारली होती. तासाभरात तो तिथे पोचला, चार माणसांनी पाइप वर ओढला, झडपेत अडकलेला चिंध्यांचा बोळा काढला आणि दिवस मावळायच्या आत केळीच्या सरीत पाणी पळू लागलं. आबांनी दोघांना भाकरीवर ठेचा वाढला. साहेबांनी पहिली भाकरी घेण्याआधी टोपली फिरवली, असं हिरामण शपथेवर सांगतो.

खुर्ची राहिली. शेठजींचं कारंजं आपला नंबर आला तेव्हा दुरुस्त झालं.

पण त्या तीन तक्रारींचं काय? हिरामणने त्याच्या नावावरची पूर्ण केली. साहेबांच्या नावावर त्याच पंपाच्या तीन राहिल्या. मी म्हणालो, टाकतो ‘पूर्ण’.

"पूर्ण कोणी केलं?"

"पंप चालू आहे ना, साहेब."

"मी केलेला नाही. जे मी केलं नाही ते माझ्या नावावर पूर्ण कसं?"

जुन्या कामाखाली दबलेल्यावर नवं ओझं पडू नये म्हणून साहेबांनी त्याच सुमारास प्रोग्राम सुधारून घेतला होता. आता मशीन नुसती शिल्लक मोजत नसे, तर काम जितकं जुनं तितकं त्याचं वजन जास्त धरी. परिणाम असा झाला की साहेबांच्या त्या तीन तक्रारी दर दिवशी जड होत गेल्या आणि ऑफिसात त्यांच्याइतका कामाने दबलेला माणूस उरला नाही. मशीनने त्यांना पुन्हा कधी काम दिलं नाही. रोज सकाळच्या कागदावर सगळ्यात वर त्यांचं नाव, पुढे भडगाव, पुढे ‘अत्यंत निकड’. शेठजी रोज केबिनमधून विचारत, "साहेब, भडगावचं झालं का?" साहेब म्हणत, "शिल्लक आहे." हे वर्षानुवर्षं चाललं. त्यावर कोणी हसायचंही बंद झालं, देवाला नमस्कार केल्यासारखं ते झालं.

रविवारी साहेब हिरामणच्या घरी जातात असं कोणीतरी सांगितलं होतं. मला वाटलं, हिरामणच्या मुलाला गणित शिकवत असतील.

निवृत्तीचा महिना आला तेव्हा नवीनच अडचण निघाली. ज्याच्या नावावर काम शिल्लक आहे त्याचं नाव मशीन यादीतून काढू देईना. ही अटसुद्धा साहेबांनीच घातलेली होती, काम टाकून कोणी पळू नये म्हणून. शेठजींना तर आनंदच झाला. "म्हणजे तुम्हाला आता निवृत्त होता येत नाही," ते म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी साहेबांनी पान्यांची पिशवी घेतली. मी बरोबर गेलो. रजा टाकून गेलो, नाहीतर त्यांनी नेलं नसतं.

आबा थकले होते. केळीच्या जागी आता लिंबं होती.

"कोनता पंप?" आबांनी विचारलं.

"जो मी दुरुस्त केला नाही तो," साहेब म्हणाले.

"तो पंप त मी कवयच इकी टाका. हाऊ नवा शे. झकास चाली ऱ्हायना."

मी म्हणालो, आबा, मग तीन सह्या तेवढ्या द्या. साहेबांनी माझ्याकडे त्या भज्यांच्या दिवशी पाहिलं होतं तसं पाहिलं. मग सफारीचा कोट काढून लिंबाच्या फांदीला लावला, पिशवी उघडली आणि योग्य तो पाना योग्य त्या नटाला लावला. मी बघत राहिलो. रविवारचं गणित मला तेव्हा सुटलं.

"साहेब! पंप चालू शे ना! कसाले खोली ऱ्हायनात?" आबा मागे मागे फिरत होते. "ओ भाऊ, सांगा ना याले!"

साहेबांनी मळ्यातल्या गड्यांकडून पाइप वर ओढून घेतला, झडप धुतली, पंप पुसला, सगळं परत बसवलं, हवा काढली. बटण दाबताना आबांनी डोळे मिटले. पाणी आलं. आबांनी एक डोळा उघडला.

"पहिलेथीन जादा ई ऱ्हायनं," ते म्हणाले. मला त्यात काही फरक दिसला नाही. पण तीनही चिठ्ठ्यांवर त्यांनी न कुरकुरता सही केली.

आम्ही परतलो तेव्हा निरोपाची तयारी झाली होती. शाल, श्रीफळ, झेंडूचा हार. जळगावहून थोरले शेठजीही आले होते. साहेबांच्या सफारीच्या पॅन्टवर, कमरेपासून गुडघ्यापर्यंत, ग्रीस होतं. शेठजींनी भाषण केलं आणि हार घातला. साहेब म्हणाले, "आधी नोंद करून घ्या." मी खुर्चीत बसलो. पूर्ण. पूर्ण. पूर्ण. पडद्यावर साहेबांच्या नावापुढे पहिल्यांदा शून्य आलं. टाळ्या झाल्या.

आणि प्रिंटर करकरला.

दुपारी, मी रजेवर असताना, कोणीतरी टाइप करून ठेवलेली एक तक्रार वाटायची राहिली होती. शिंदखेड्याकडचं एक गाव, प्यायचं पाणी बंद, घरात लग्न. पंचांगाप्रमाणे मुहूर्त खरा होता. मशीनला यादीत एक माणूस अगदी मोकळा दिसला होता.

साहेबांनी चिठ्ठी वाचली आणि घड्याळाकडे पाहिलं. ऑफिस सुटायला अजून अवकाश होता.

"साहेब, आता राहू द्या हो," शेठजी म्हणाले. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच गोडवा नव्हता, त्यामुळे ते खरं वाटलं. "निदान माझी गाडी न्या."

"गाडी मशीनने दिलेली नाही," साहेब म्हणाले आणि पिशवी उचलली.

हार काढायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. एस.टी. स्टँडवर लोकांना वाटलं, कोणीतरी निवडून आलेला माणूस आहे. त्यांनी जागा दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदखेड्याच्या कंडक्टरबरोबर सही झालेली चिठ्ठी आली, आणि बुंदीचा एक पुडा. मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. आधी ‘पूर्ण’ टाकायचं होतं आणि मग नाव काढायचं होतं. दोन्हींच्या मध्ये कोणाचा फोन आला असता तर साहेब पुन्हा गेले असते, यात मला शंका नव्हती. म्हणून मी आधी फोनचा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवला. मग ‘पूर्ण’ टाकलं आणि लगेच नाव काढलं.

काम झालं होतं. रिसीव्हर मात्र मी बराच वेळ तसाच बाजूला राहू दिला.